आढी उघडून बघू नये

आधीच सांगून ठेवतो, हे वाचताना तुम्हाला तुमचा श्वास जाणवायला लागेल. मग थुंकी गिळणं. मग जीभ तोंडात नक्की कुठे ठेवायची असते असा प्रश्न पडेल, ज्याचं उत्तर आजपर्यंत फक्त जिभेला माहीत होतं, तुम्हाला कधीच नव्हतं. सॉरी. तुमचं ते पाच मिनिटांत जाईल, चहा टाकायला उठलात की विसराल. माझं दोन वर्षं गेलं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

मी मालवणात एका पतसंस्थेत कॅशिअर आहे. घर गावाबाहेर, समुद्रापासून हाकेवर. लहानपणी मुंबईचा मामेभाऊ मे महिन्यात यायचा, पहिल्या रात्री अंथरुणात उठून बसायचा आणि विचारायचा, हा आवाज रात्री कितीला बंद करतात? आम्ही पोरं लोळून हसायचो, कारण कुठला आवाज हेच आम्हाला आधी कळायचं नाही. गाज आम्हाला ऐकूच येत नसे. चार-पाच दिवसांनी त्यालाही येईनाशी व्हायची.

तर माझी गोष्ट तौक्ते वादळाच्या रात्रीची. १६ मे २०२१. कोरोना होऊन मला सातवा दिवस, पडवीतल्या खोलीत एकटा, आई, बायको, पोरगी आत. बोटाला ऑक्सिमीटर. ९५, ९४, ९५. त्या दिवसांत सगळेच डॉक्टर फोनवर सांगत होते की श्वासावर लक्ष ठेवा, दम लागला तर लगेच कळवा, आणि मी पडलो आज्ञाधारक माणूस, लहानपणापासून सांगितलेलं काम नीट करायची सवय. व्हॉट्सॲपवर कोणीतरी पाठवलेलं की पंचवीस सेकंद श्वास रोखता आला तर फुप्फुस चांगलं, ते मी दिवसातून वीस वेळा करून बघत होतो. सकाळपासून वारा होताच, दुपारी माड असे वाकायला लागले की शेंडे कुंपणाला टेकतील, मागची कौलं उडाली, लाईट गेली, मोबाईलची रेंज गेली. आणि त्या सगळ्या कल्लोळात, जिथे शेजारच्या माणसाची हाक ऐकू येत नव्हती, तिथे मला फक्त माझा श्वास ऐकू येत होता. आत. बाहेर. आता पुढचा घे. घेतला. आता सोड.

लाईट आमच्या वाडीत आठ दिवसांनी आली. कोरोना गेला, वास आला, चव आली, ऑक्सिमीटर कपाटात गेला. श्वास मात्र माझ्याकडेच राहिला. म्हणजे कसं सांगू, समजा तुमच्या घरातला पंप गेली चाळीस वर्षं आपोआप चालू-बंद होतोय आणि एक दिवस कोणीतरी त्याचं बटण तुमच्या हातात देऊन निघून गेलं. आता तुम्हीच दाबत बसा. आणि मनात भीती ही की मी विसरलो तर? झोप लागली तर कोण दाबणार?

मग मी झोपायचं सोडलं. ठरवून नाही, पण डोळा लागायला आला की दचकून जागा व्हायचो, श्वास चाललाय ना बघायला. तीन वाजता पडवीत बसून समुद्राकडे बघायचो. त्या महिन्यांत भरती-ओहोटीचं टाइमटेबल मला कुठल्याही खलाशापेक्षा पाठ होतं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते हे मी पुस्तकात वाचलेलं, पण रात्रीमागून रात्री जागून खरं करून बघणारा मीच असेन.

श्वासाचं एक वेळ ठीक, पण ह्या दुखण्याला एका जागी बसवत नाही. ऑगस्टमध्ये ते डोळ्यांच्या पापण्यांवर गेलं. माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो, ते सगळे मी मोजून मिटले. मग गिळण्यावर. गिळायचं नाही ठरवलं की तोंडात थुंकी जमा होते, जमा झाली की गिळावीच लागते, गिळली की कळतं की गिळली. समोर गिऱ्हाईक उभं, मी मान खाली घालून गुटकन गिळतोय आणि वाटतंय की अख्ख्या हॉलला ऐकू गेलं. नोटा मोजायचं मशीन आमच्याकडे नेहमी बिघडलेलंच, त्यामुळे हाताने मोजायचं, आणि हाताने मोजताना आकडा चालू असतो अठ्ठावीस एकोणतीस तीस आणि त्याच्या खालून दुसरा आकडा चालू, आत-बाहेर, आत-बाहेर, मग दोन्ही आकडे एकमेकांत घुसतात. एका शनिवारी संध्याकाळी कॅश टॅली करताना पाचशेच्या तीन नोटा कमी. तीनदा मोजलं. पंधराशे रुपये खिशातून भरले आणि घरी कोणाला सांगितलं नाही.

सांगायचं तरी काय? ताप असता तर सांगितला असता. शेवटी एका रात्री आई उठून पडवीत आली.

"तुका होता काय तां नीट सांग तरी."

"आई, मी श्वास घेतंय ता माका कळता."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "श्वास घेतंस ह्या कळता म्हणान रडतंस? ज्यांका कळणा नाय त्यांका खांद्यावरून नेतत."

ह्याच्यावर काय बोलणार.

मग सुरू झाली ती फेरी जी अशा प्रत्येकाच्या नशिबात असते. ईसीजी नॉर्मल. छातीचा एक्सरे नॉर्मल. थायरॉईड नॉर्मल. घशात दुर्बीण घातली, नॉर्मल. प्रत्येक नॉर्मल रिपोर्टने अर्धा दिवस बरं वाटायचं आणि संध्याकाळी मन म्हणायचं, दुसरी टेस्ट राहिली असेल. एक डॉक्टर फाईल बंद करत म्हणाले, काही नाहीये तुम्हाला, टेन्शन घेऊ नका. आता हे वाक्य मी आयुष्यात शंभर लोकांकडून ऐकलंय आणि टेन्शन न घेण्याची कृती अजून एकानेही सांगितलेली नाही. मेव्हण्याने ओवा सांगितला. ऑफिसातल्या साहेबांनी प्राणायाम सांगितला, अनुलोम-विलोम रोज वीस मिनिटं. म्हणजे ज्याला श्वासाकडे बघून बघून वेड लागायची पाळी आलीय त्याला सांगायचं की जरा श्वासाकडे बघ. केलं मी, आज्ञाधारक ना. चौथ्या दिवशी बंद केलं.

आमच्या वाडीतल्या भजनाचे बुवा तर खूशच झाले. म्हणाले, अरे नशीबवान आहेस, ह्यालाच अजपाजप म्हणतात, दिवसाला एकवीस हजार सहाशे श्वास, प्रत्येक श्वासाला सोऽहं, लोक ह्यासाठी घरदार सोडून जातात, तुला घरात बसून मिळालं. मी हिशोब केला, कॅशिअर माणूस, मिनिटाला १५, तासाला ९००, चोवीस तासांचे बरोबर २१,६००. जुन्या लोकांचा आकडा बरोबर निघाला ह्याचं तेवढ्यातही कौतुक वाटलं. फक्त माझा जप सोऽहं नव्हता. हे कधी जाणार, हे कधी जाणार, असा होता.

आणि आईने देवळात गाऱ्हाणं घातलं. रवळनाथाच्या समोर नारळ, विडा ठेवलेला, गावकर हात जोडून उभे, मागे आम्ही सात-आठ जण. "बा देवा रवळनाथा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा..." मागून सगळे, "व्हय म्हाराजा!" "ह्या लेकराच्या श्वासाक जी काय अडचण इली आसात, कोणाची वाकडी नजर लागली आसात, कळत नकळत काय चूकभूल झाली आसात..." "व्हय म्हाराजा!" तुम्हाला वाटेल मी इथे थट्टा करणार. नाही करणार. सहा महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी माझं दुखणं जसंच्या तसं, न हसता, मोठ्याने बोलून दाखवत होतं आणि सात जण व्हय म्हणत होते. डोळ्यात पाणी आलं. पण त्याच वेळी, खोटं कशाला बोलू, मी हेही मोजत होतो की गावकरांनी त्या अख्ख्या गाऱ्हाण्यात श्वास कितीदा घेतला. तीनदा. मला वाटतं ते स्वतःही गार पडले असते कळलं असतं तर.

गोव्याला गेलो ते बायकोमुळे. आमच्या सिंधुदुर्गातून कुठल्याही मोठ्या आजाराला माणूस गोव्याला जातो, पण मानसोपचाराला जातो हे कोणी सांगत नाही, आम्ही पण शेजारी म्हापशाला कपडे घ्यायला चाललोय असं सांगून निघालो. डॉक्टरबाई साधारण माझ्याच वयाच्या. मी पंधरा मिनिटं बोललो, त्या मध्ये बोलल्या नाहीत. मग विचारलं, "रात्री झोपल्यावर श्वास कोण घेतं?"

म्हटलं, "म्हणूनच तर झोपत नाही."

त्या हसल्या, मीही हसलो, बऱ्याच दिवसांनी.

मग त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. मेंदूच्या देठात लंबमज्जा म्हणून भाग आहे, श्वासाचं काम तिच्याकडे. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की ती श्वास घ्यायला लावते, तुमची परवानगी मागत नाही. वरचा मेंदू मध्ये हात घालू शकतो, म्हणून आपण बोलू शकतो, गाऊ शकतो, बुडी मारू शकतो, पण कायमचा ताबा त्याला मिळत नाही. रोखून बघा श्वास, थोड्या वेळाने देठ तुम्हाला ढकलून घेईलच. म्हणजे बटण माझ्या हातात कधी आलंच नव्हतं. मी नुसता पंपाशेजारी उभा राहून पाणी येतंय का बघत होतो आणि समजत होतो की मीच चालवतोय.

नाव सांगितलं ओसीडी, म्हणजे एकच विचार परत परत येतो आणि त्याला शांत करायला माणूस एकच कृती परत परत करत बसतो तो आजार. मी म्हटलं मॅडम मी हात धूत नाही, कुलूप तपासत नाही. त्या म्हणाल्या, हे जाण्यासाठी तुम्ही दिवसभर काय काय करता ते सांगा. मी सांगत गेलो. कानात कायम रेडिओ. च्युइंगम. रात्री दोनला मोबाईलवर सर्च. बायकोला विचारणं, तुला तुझा श्वास जाणवतो का गं, तिने नाही म्हणणं, परत विचारणं. आणि सगळ्यात जास्त म्हणजे दर दोन-तीन मिनिटांनी आत डोकावून बघणं, गेलं का? त्या म्हणाल्या, हेच तुमचं हात धुणं.

हे ऐकून मी गप्पच बसलो. कारण डोकावल्याशिवाय गेलं हे कळणार कसं, आणि डोकावलं की ते तिथे असणारच, जाईल कुठे, माणूस जिवंत आहे.

आपल्याकडे ती वैद्याची गोष्ट आहे ना, औषध रामबाण आहे, फक्त घेताना माकडाची आठवण काढायची नाही, आणि त्या माणसाला जन्मभर औषध घेता आलं नाही. पुढे मी वाचलं की १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हाच प्रयोग पांढऱ्या अस्वलावर केला. लोकांना सांगितलं पाच मिनिटं पांढरं अस्वल मनात आणू नका, आलं तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. आणि ज्यांनी आधी दाबलं त्यांना नंतर मोकळीक दिल्यावर अस्वल आणखीच जास्त आठवलं. आपल्या वैद्याला हे फार आधी माहीत होतं, त्याने फक्त पेपर छापला नाही.

उपचार उलटा होता. पळायचं नाही, रेडिओ बंद, च्युइंगम बंद. उलट मुद्दाम आठवण करून द्यायची. एका चिठ्ठीवर "श्वास" असं लिहून काउंटरच्या काचेला आतून चिकटवायचं. रोज वीस मिनिटं बसायचं, श्वास जाणवू दे, गिळणं जाणवू दे, चांगलं लागो वाईट लागो, काही करायचं नाही, त्याला शांत करायचं नाही. आणि डोकावायचं नाही. बायकोलाही शिकवलं, मी विचारलं की उत्तर द्यायचं नाही, "असेल बाबा" एवढंच म्हणायचं. तिने हे काम जरा जास्तच आनंदाने केलं, आता वीजबिल भरलं का विचारलं तरी असेल बाबा म्हणते. ही पद्धत जुनी आहे, १९६६ साली व्हिक्टर मेयर यांनी लंडनमध्ये दोन पेशंटवर केलेल्या कामापासून तिची सुरुवात धरतात, ते पेशंटना धुण्यासारख्या परत परत करायच्या कृतींपासून थांबवून बघत होते. माझ्या बाबतीत धुण्याच्या जागी डोकावणं होतं इतकंच.

ऐकायला सोपं आहे. पहिला महिना नरक. जी गोष्ट विसरायला दोन घोट दारू पण पुरली नव्हती ती काचेवर चिकटवून सात तास तिच्यासमोर बसायचं. सोबत सर्ट्रालिनची गोळी, पहिले दहा दिवस मळमळ, आणि डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलेलं की ओसीडीला गोळीचा गुण यायला दहा-बारा आठवडे धरून चाला. ती गोळी मी कुडाळहून आणायचो. इथला मेडिकलवाला आमच्याच वर्गातला, त्याने पाकीट बघून काही विचारलं नसतं, पण त्याच्या भुवया मला बघायच्या नव्हत्या. वर्षभर तीस किलोमीटर जाऊन गोळ्या आणल्या. आता इथूनच घेतो, त्याने भुवया वर केल्या नाहीत, उलट म्हणाला माझी मिसेस पण हीच घेते. एवढ्या पेट्रोलचे पैसे कोणाकडे मागू?

ह्या सगळ्यात मला सारखी आठवायची ती आजोळची आढी. देवगड बाजूला आजोबांची चाळीस कलमं. घळीने आंबे उतरवले की अंधाऱ्या खोलीत गवताचा जाड थर, त्यावर आंबे देठ वर करून, परत गवत. आठ-दहा दिवस तिथे कोणी जायचं नाही. मी सात वर्षांचा असेन, मला दम निघेना. सकाळी जाऊन गवत बाजूला करून एक आंबा दाबायचो. दुपारी परत. संध्याकाळी परत. हिरवाच. आजीने पकडलं, हात आंब्याच्या चिकाने खाजत होता. मारलं नाही तिने, गवत परत नीट लोटलं, हाताला खोबरेल लावलं आणि म्हणाली, आढी उघडून बघू नये रे बाबा, आतली ऊब जाता. त्या वर्षी त्या कोपऱ्यातले आंबे पिकले नाहीत नीट, सुरकुतले. बाकी खोली घमघमत होती.

मी दोन वर्षं दर तीन मिनिटांनी गवत उचलत होतो.

२०२३ च्या जानेवारीत मावसभावाने बोटीवर ओढून नेलं. तो सिझनला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला टुरिस्टना स्कुबाला नेतो. मी पाण्यात वाढलेला, पण तौक्तेनंतर एकदाही बुडी मारली नव्हती, डॉक्टरबाईंच्या यादीत हे टाळणंही होतं. बोटीत नळी तोंडात दिली आणि त्याने एकच नियम सांगितला, पुण्याच्या चार पोरांसोबत मलाही, "श्वास अडवायचो नाय. काय पण झाला तरी घेत ऱ्हवायचा." ह्याला कारण आहे, खाली दहा मीटरवर दाब दुप्पट असतो, तिथली हवा छातीत कोंडून माणूस वर आला की ती फुगते आणि फुप्फुसाला इजा होते.

पाण्याखाली गेलो आणि अहो, तो आवाज! घेताना खर्रर, सोडताना बुडबुडबुड. प्रत्येक श्वास मोठ्याने, कान भरून. इतकी वर्षं जे एकट्याच्या डोक्यात वाजत होतं ते तिथे जगजाहीर. पुण्याची पोरं डोळे फाडून आपापला श्वास घेत होती, त्यातली एक मुलगी तर बुडबुड्यांकडेच बघत होती, मासे गेले उडत. तिथे सगळे माझ्यासारखे होते, किंवा मी सगळ्यांसारखा. भावाने बोट दाखवलं, खडकाला पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे लागलेले, पावाचा तुकडा दिला की बोटांना टोचून जायचे. किती वेळ बघत होतो माहीत नाही.

आता ह्या जागी लिहायला हवं की वर आलो आणि सगळं गेलेलं. नाही. वर आलो, नळी काढली, तोंडात खारट पाणी, ते गिळलं, आणि गिळणं जाणवायला लागलं ते तीन दिवस. फक्त त्या तीन दिवसांत मी कोणाला विचारलं नाही. बायको मुद्दाम वाट बघत होती असेल बाबा म्हणायला, तिला संधी मिळाली नाही.

आज कसं आहे विचाराल तर येतं. गणपतीत जागरण झालं, मार्चएंड आला, दाढ काढायला गेलो की येतं. हे लिहिताना तर सतत आहे, आत, बाहेर, शेजारी बसलंय. बसू दे. कधी जातं ते मात्र मला सांगता येत नाही. जाताना मी बघितलेलं नाही.

चिठ्ठी काचेवर अजून आहे, ऊन लागून शाई पिवळी पडलीय. गेल्या आठवड्यात आमच्या एक ठेवीदार आजी आल्या, ठेवीचं व्याज घ्यायला, ऐंशीच्या पुढच्या, काठी काउंटरला टेकवून चष्मा वर करून चिठ्ठी वाचत राहिल्या.

"ह्या रे काय लिवलंस?"

म्हटलं, "काय नाय आजी, असाच."

"वि इसारलंस," त्या म्हणाल्या. "विश्वास लिवचा होता मां? बँकेत विश्वास लिवतत."

"व्हय, इसारलंय," मी म्हटलं आणि नोटा सरकवल्या. पाचशेच्या सहा, शंभरच्या चार. विश्वास वगैरे ठीक आहे, पण आजीने अंगठा जिभेला लावला आणि तिथेच उभं राहून परत मोजायला घेतल्या. मागे रांग. तीनवर आली आणि थांबली, कोणीतरी हाक मारली, विसरली, परत पहिल्यापासून.